कलेतिहासातील डॉक्टरेट आणि आपला विद्यार्थी

कलेतिहास हा विषय आपल्या चर्चेत सहसा येत नाही. साहित्य येते, धर्मांतर येते, राखीव जागा येतात, जमिनीचा प्रश्न येतो. पण चित्र, शिल्प, लेणे, पुतळा यांचा पद्धतशीर अभ्यास, त्या अभ्यासातली डॉक्टरेट, आणि तीही परदेशी विद्यापीठात परका म्हणून राहून मिळवलेली, असा विषय काढला की आपल्यातलाच एखादा जुना कार्यकर्ता म्हणतो, हे पोट भरलेल्यांचे शास्त्र आहे. आपल्या पोरांनी कलेक्टर व्हावे, वकील व्हावे. या म्हणण्यामागचा संताप मला समजतो. पण ते म्हणणे मला मान्य नाही. भूतकाळाची जी साधने शिल्लक आहेत त्यांतली फार मोठी साधने दगडात आणि रंगात आहेत. त्यांचा अर्थ कोण लावतो, कोणत्या भाषेत लावतो आणि तो अर्थ कोणत्या वाटेने आपल्या पाठ्यपुस्तकात उतरतो, हे सत्तेचे प्रश्न आहेत. अजिंठ्यावर शेवटचा शब्द ज्याचा, त्याचा बुद्धाच्या इतिहासावरही थोडाफार ताबा चालतो. आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत हा शब्द बराचसा अमेरिका-युरोपातल्या विद्यापीठांतून, तिथल्या प्रबंधांतून आलेला आहे. म्हणून या पदवीची चिकित्सा आपण केली पाहिजे. तिची आरती करायची नाही आणि तिला नुसत्या शिव्याही द्यायच्या नाहीत.

१९७१ साली लिंडा नॉखलिन या अमेरिकन विदुषीने एक लेख लिहून सगळ्या कलेतिहासाला हलवले. थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, हा तिचा प्रश्न होता. या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे असत. एक, स्त्रियांत प्रतिभाच नसते. दुसरे, थोर स्त्री-चित्रकार होत्या, पण त्या विस्मरणात गेल्या. नॉखलिनने दोन्ही उत्तरे बाजूला सारली आणि संस्थांकडे बोट दाखवले. युरोपातल्या कला-अकादमींत मोठ्या ऐतिहासिक चित्राचा पाया म्हणजे नग्न मॉडेलवरून केलेला रेखनाचा अभ्यास; आणि जवळजवळ एकोणिसावे शतक संपेपर्यंत त्या खोलीत विद्यार्थिनींना प्रवेशच नव्हता. खोलीचे दार बंद ठेवायचे आणि मग बाहेर उभी असलेलीला विचारायचे की तुझे चित्र कुठे आहे!

हाच प्रश्न आपण आपल्या बाजूने विचारू. दलित कलेतिहासकार इतके थोडे का? प्रतिभेची गोष्ट कृपया कोणी काढू नये. ज्या समाजाने दोन पिढ्यांत मराठी कवितेचा आणि आत्मकथनाचा तोंडवळा बदलला त्या समाजाला पाहता येत नाही, हे म्हणणे हास्यास्पद आहे. तेव्हा खोली कोणती आणि दार कुठे आहे ते पाहू.

अमेरिकेतला अभ्यासक्रम साधारणपणे असा असतो. पहिली दोन-तीन वर्षे वर्ग आणि चर्चासत्रे. मग परकीय भाषांच्या परीक्षा. मग सर्वंकष परीक्षा. मग प्रबंधाचा आराखडा, क्षेत्रकार्य आणि लेखन. चांगली विद्यापीठे पाच-सहा वर्षे फी माफ करतात आणि निर्वाहवेतन देतात, त्या बदल्यात पदवीच्या मुलांना शिकवावे लागते. प्रबंधाला त्याहून जास्त वर्षे लागणे ही या विषयात रोजची गोष्ट आहे. विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपलीकडे काम करता येत नाही, तेही विद्यापीठाच्या आवारातच. संग्रहालयातली उन्हाळी उमेदवारी, जिच्यावर पुढची नोकरी पुष्कळदा ठरते, ती बऱ्याच ठिकाणी बिनपगारी किंवा तुटपुंज्या पैशांची. म्हणजे उन्हाळा फुकट काम करून काढण्याची ऐपत ज्याच्या घरात आहे त्याच्यासाठी हा विषय बेतलेला आहे. तिथल्या गोऱ्या गरिबालाही तो परवडत नाही, मग आपली काय कथा? पदवीनंतर विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला तीन वर्षांपर्यंत तिथे काम करून अनुभव घेता येतो. कलेतिहासवाल्याला एकच वर्ष. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने विद्यार्थ्याच्या वास्तव्याला चार वर्षांची मुदत घालण्याचा, आणि त्यापुढे मुदतवाढीसाठी वेगळा अर्ज करायला लावण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. चार वर्षांत या विषयात माणूस जेमतेम क्षेत्रकार्याला लागलेला असतो.

पण हे सर्व आत गेल्यानंतरचे. दारातच काय होते ते पाहा. अर्जासोबत वीस-पंचवीस पानांचा लेखनाचा नमुना लागतो, उद्देश सांगणारे निवेदन लागते, तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. प्रत्येक अर्जाची फी शंभर डॉलरच्या आगेमागे, आणि अर्ज आठ-दहा ठिकाणी करावे लागतात. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात शिफारसपत्र म्हणजे काय? सदर विद्यार्थी माझ्या परिचयाचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे, अशा चार ओळींचा दाखला. तिकडे दोन पानांत त्या विद्यार्थ्याच्या बुद्धीचे चित्र उभे करावे लागते. तो कसा प्रश्न विचारतो, त्याने कोणता पुरावा कसा तपासला, त्याच्याबरोबरीच्या इतरांत तो कुठे बसतो. ही लेखनाची एक स्वतंत्र जातच आहे, आणि ती ज्यांच्या घरात दोन पिढ्या प्राध्यापक आहेत त्यांना जन्मतः येते.

माझ्या एका विद्यार्थिनीसाठी असे पत्र लिहिण्याची पाळी आली तेव्हा ही गोष्ट मला नीट उमगली. वडील वीटभट्टीवर, आई शेतमजूर. घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिने तालुक्यातल्या बाबासाहेबांच्या एकवीस पुतळ्यांची टिपणे केली होती. उंची, चौथरा, हाताची ठेवण, पुस्तक डाव्या बगलेत की हातात, कोटाची घडी कशी, रंग कितव्यांदा दिलेला, भोवती लोखंडी जाळी कधी बसली. मला म्हणाली, "सर, मी एकही मोठं म्युझियम पाहिलेलं नाही. हे चालेल का?" मी म्हटले, "हेच चालेल." तिचा तो लेख मी इंग्रजीत उतरवायला मदत केली. गुणपत्रिकेच्या सीलबंद प्रतीसाठी तिला परीक्षा विभागात पाच खेपा घालाव्या लागल्या. तिथला कारकून दर खेपेस विचारी, हा कलेतिहास म्हणजे ड्रॉइंग का? शेवटी एका परदेशी विद्यापीठाने तिला प्रवेश दिला, पण पूर्ण निधी दिला नाही. राहिलेला पैसा कुठून आणायचा?

इथे आपण आपल्याच सरकारच्या दाराशी येतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. वर्षाला १२५ जागा, आणि त्यांत भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर हेही आले. २०२२ साली या योजनेच्या नियमावलीत एक कलम घालण्यात आले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास, या विषयांवर परदेशात संशोधन करायचे असेल तर ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. अभ्यासाची साधने देशातच भरपूर असताना त्यासाठी परदेशी कशाला जायचे, असा युक्तिवाद त्या वेळी करण्यात आला. म्हणजे दलित विद्यार्थ्याने सरकारी पैशावर परदेशात जाऊन रेम्ब्रांटवर प्रबंध लिहावा, अजिंठ्यावर लिहू नये. सरकारी पैशावर बायझंटाइन चर्चमधल्या मूर्तिभंजनाचा अभ्यास करावा, गावच्या वेशीवरच्या पुतळ्याच्या विटंबनेचा करू नये!

बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, कोलंबिया विद्यापीठात गेले. विषय अर्थशास्त्र. पण मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जो निबंध वाचला तो भारतातील जातिसंस्थेवर होता. त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंधही ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर होता. सयाजीरावांच्या दरबारात २०२२ चे कलम असते तर या दोन्ही लेखनांचे काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा. राजेशाहीने जे अडवले नाही ते लोकशाहीतल्या न्याय खात्याने अडवले. आणि जागा आहे तिथेही पैसा असतोच असे नाही. जुलै २०२५ मध्ये या योजनेत निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना शिष्यवृत्तीची पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असे सांगण्यात आले.

साधने देशातच आहेत, हे म्हणणेही अर्धवट आहे. काही साधने इथे आहेत, हे खरे. लेणी जागेवर आहेत, शिलालेख जागेवर आहेत. पण अमरावतीच्या स्तूपाची शंभरावर शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. मुंबईच्या मुलांनी लेण्यात राहून, अंधारात, वटवाघळांच्या दुर्गंधीत केलेले ते काम लंडनला रवाना झाले. त्यातले पुष्कळ तिथल्या आगीत जळाले, उरलेले आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. मूळ भित्तिचित्रांचा रंग त्यानंतर आणखी झडला. तेव्हा काही तपशिलांसाठी या नकलाच पुरावा. त्या पाहायला मुंबईच्या मुलाने कुठे जावे? शिवाय साधन म्हणजे नुसती वस्तू नव्हे. शिकवणारा विभाग हेही साधन आहे. बडोद्याला आहे, दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आहे. आपल्या राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांत कलेतिहासाचा स्वतंत्र विभागच नाही.

आता भाषांच्या परीक्षेकडे वळतो. कारण या विषयाचा स्वभाव तिथे दिसतो. अमेरिकेत कलेतिहासाच्या डॉक्टरेटसाठी जर्मन वाचता येणे ही जुनी अट. विभागाविभागात नियम वेगळे आहेत, भारतीय कलेच्या विद्यार्थ्याला संस्कृत किंवा फारसीही चालते, तरी जर्मनचा दबदबा अजून पुरता गेलेला नाही. आपल्या विद्यार्थ्याचा हिशोब मांडा. घरची बोली एक, शाळेची मराठी दुसरी, हिंदी तिसरी, इंग्रजी चौथी, लेण्यांतल्या लेखांसाठी प्राकृत आणि पाली, आणि त्यावर जर्मन किंवा फ्रेंच! माहेर सुटले, सासर सुटले, आणि तिसऱ्याच घरी नांदायचे.

पण जर्मन का? या शास्त्राची घडण जर्मन भाषेत झाली, हे एक कारण. दुसरे कारण जास्त बोलके आहे. १९३३ साली हिटलरच्या कायद्याने ज्यू प्राध्यापकांना नोकऱ्यांवरून काढले. हॅम्बुर्गचे एर्विन पानोफ्स्की त्यांत होते. ते न्यूयॉर्कला शिकवू लागले आणि १९३५ पासून प्रिन्स्टनला स्थिरावले. हॅम्बुर्गचेच वारबुर्ग ग्रंथालय, सुमारे साठ हजार पुस्तके, डिसेंबर १९३३ मध्ये बोटींत भरून लंडनला हलवले गेले. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कलेतिहास संस्थेत अशा निर्वासित विद्वानांची एक फळीच उभी राहिली. चित्रातल्या खुणांवरून, चिन्हांवरून, त्यामागच्या ग्रंथांवरून अर्थ लावण्याची जी पद्धत आज जगभर शिकवली जाते तिला इंग्रजी जगात रुजवणारी ही माणसे परकी होती, हाकलून दिलेली होती, मोडक्या इंग्रजीत सुरुवात केलेली होती. वर्णद्वेषाने घराबाहेर काढलेल्यांनी घडवलेले हे शास्त्र आहे. त्याच्या दारात उभे राहताना आपल्या विद्यार्थ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. अर्थात एक फरक विसरून चालणार नाही. पानोफ्स्कींनी नोकरी आणि देश गमावला, पण ग्रीक-लॅटिन, ग्रंथ, संग्रहालये यांची पिढीजात कमाई ते डोक्यात घेऊन गेले. आपल्याजवळची कमाई वेगळ्या नाण्यांची आहे, आणि ती नाणी तिथल्या पेढीवर अजून चालत नाहीत.

कोणती नाणी, ते अजिंठ्याच्याच उदाहरणाने सांगतो. मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांनी पन्नासहून अधिक वर्षे अजिंठ्याला वाहिली. २०१९ साली ते वारले. अजिंठ्याचे उत्तरकालीन काम शतकभर चालले नव्हते, वाकाटक राजा हरिषेण आणि त्याच्या मांडलिक-मंत्र्यांच्या आश्रयाने इसवी सन ४६० ते ४८० च्या आसपास, वीसेक वर्षांत ते झाले आणि अचानक थांबले, असा त्यांचा सिद्धांत. त्यावर वाद आहेत. पण त्यांची पाहण्याची रीत विलक्षण होती. ते दाराच्या बिजागरीची भोके पाहत, अर्धवट सोडलेले खांब पाहत, गिलाव्याचे थर पाहत. कोणते काम आधी, कोणते घाईत, कोणते सोडून दिलेले, हे त्यांनी टाकीच्या खुणांवरून वाचले. असा डोळा आपल्याला हवा, आणि तो शिकूनच मिळतो. दलित म्हणून जन्मल्याने तो आपोआप उघडतो, असे मानणे हा उलटा ब्राह्मण्यवाद होईल.

पण स्पिंक यांच्या मांडणीतच एक जागा मोकळी राहते. टाकीची खूण त्यांनी वाचली ती राजाची तारीख ठरवण्यासाठी. टाकी धरणारा हात त्यांच्या कथेत येतो तो घड्याळाच्या काट्यासारखा. नायक हरिषेण. हात थांबला म्हणजे राजा मेला. हात धावला म्हणजे मंत्र्याला घाई. तो हात कोणाचा, त्याला काय मिळत होते, काम थांबल्यावर तो कुठे गेला, हा प्रश्न केंद्राशी येत नाही. आपल्या मराठीतली म्हणही अशीच आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण येता-जाता म्हणतो. त्यात सोसणारा दगड असतो, घाव घालता घालता ज्याच्या छातीत धूळ गेली तो पाथरवट म्हणीतसुद्धा नाही. ज्याच्या घरात घण आणि सुतकी आहे अशा वडाराच्या मुलीने ती बिजागरीची भोके पाहिली असती, तर तिने आणखी कोणता प्रश्न विचारला असता? मला उत्तर नको आहे. तो प्रश्न विचारणारी मुलगी त्या चर्चासत्रात बसलेली हवी आहे.

पुरावा नाही, असे म्हणता येणार नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, दार घडवल्याचा लेख दोन हजार वर्षे टिकून आहे. त्याच लेण्यात यवनांची दाने आहेत, सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे दान आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी आहेत. नाशिकच्या लेण्यात मुगुदास नावाच्या दासकाचे दान आहे, आणि दासक म्हणजे कोळी असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. हे सारे विद्वानांना ठाऊक आहे. विद्या दहेजिया यांनी केंब्रिजच्या संशोधनातून १९७२ साली लेण्यांच्या कालक्रमावर पुस्तक केले, आणि पुढे प्राचीन बौद्ध कलेचा आश्रय सामूहिक आणि सर्वसामान्यांचा होता असे स्पष्ट लिहिले. हे ऋण मान्य केले पाहिजे. पण मान्य करून झाल्यावरही एक खटकते. या लेखनात सुतार, लोहार, कोळी भूतकाळात असतात. आश्रयदात्यांची यादी झाली की ते लेण्यातच राहतात. त्यांचे वंशज बाहेर तिकीट काढून उभे आहेत, त्यांनी त्या बुद्धाला पुन्हा आपला म्हटले आहे, हे अभ्यासाच्या कक्षेबाहेर मानले जाते.

आणि तिकीट काढून आत जाणेही साधे नव्हते. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या मंडळींनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून गर्दी अंगावर आली. शेवटी किल्ला पाहू दिला तो सोबत हत्यारी शिपाई देऊन, त्यांनी कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. कोलंबियाची डॉक्टरेट तेव्हा त्यांच्या नावामागे होती. हा प्रसंग त्यांनी ज्या आठवणींत लिहिला आहे त्यांच्या नावातच व्हिसाची प्रतीक्षा आहे. कला पाहणे ही निष्पाप क्रिया आहे, असे जे सौंदर्यशास्त्र सांगते त्याने या हौदाचे काय करायचे ते आधी ठरवावे.

परदेशातल्या चर्चासत्रात आपल्या विद्यार्थ्यासमोर जी अडचण येते ती नेमकी इथली आहे. पार्थ मित्तर यांचे पाश्चात्त्यांच्या भारतीय कलेविषयीच्या विकृत दृष्टीवरचे पुस्तक १९७७ साली आले, आणि तेव्हापासून वसाहतवादी नजरेची चिकित्सा हा या विषयाचा जणू धर्म झाला. ती चिकित्सा आवश्यक होती. पण तिने एक सोय करून दिली. तिथे जाणारा सवर्ण विद्यार्थी गोऱ्यांसमोर पीडित ठरतो. तो सावळा, तो वसाहतीतला, तो बोलणार आणि गोरे खाली मान घालून ऐकणार. जो घरी मक्तेदार आहे तो विमानतळावर उतरल्यावर शोषित होतो, हा चमत्कार एअर इंडियाला बाराशे पौंडांत जमतो! त्याच वर्गातला दलित विद्यार्थी मात्र दोनदा परका असतो. गोऱ्याला तो नुसता भारतीय दिसतो, भारतीयाला तो दिसून न दिसल्यासारखा. आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, मग हळूच, "तुमच्याकडे नवरात्र करतात ना?" तिथल्या संस्थांनाही हे उशिरा कळू लागले. ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये. सिअ‍ॅटल शहराने २०२३ साली तसा कायदा केला. पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक गव्हर्नरने नाकारले. धोरणात जात आली तरी वाचनाच्या यादीत ती येतेच असे नाही.

दिल्लीचे कलेतिहासकार वाय. एस. अलोने यांनी या मनोवृत्तीला संरक्षित अज्ञान असे नाव दिले आहे. जातीविषयीचे अज्ञान ही चूक नसते, ते राखलेले, जपलेले असते. कारण ते जपण्यात हितसंबंध आहे. मला ही संकल्पना फार उपयुक्त वाटते. आपल्या घरातल्या, विहारातल्या, चौकातल्या प्रतिमांचा विचार अमेरिकन कलेतिहासाच्या पानांवर आला तो गॅरी टार्टाकोव्ह या अमेरिकन अभ्यासकामुळे. 'आर्ट जर्नल'मध्ये १९९० साली नव्या बौद्ध प्रतिमांवर त्यांचा लेख आला, आणि २०१२ साली दलित कला व दृश्यप्रतिमा यांवरचा ग्रंथ त्यांनी संपादित केला. एका परक्याने केले म्हणून ते कमी ठरत नाही. मात्र सवर्ण भारतीय कलेतिहासकारांची एक अख्खी पिढी दिनदर्शिकेतल्या लक्ष्मीवर लिहीत असताना शेजारच्या झोपडीतल्या बुद्धाकडे पाहत नव्हती, याला संरक्षित अज्ञानाशिवाय दुसरे नाव नाही.

आणि ही प्रतिमा किती जड आहे हे मुंबईने पाहिलेले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. युरोपातल्या मूर्तिभंजनावर परदेशी ग्रंथालयात कपाटेच्या कपाटे भरलेली आहेत. प्रतिमेला लोक का घाबरतात, का फोडतात, का तिच्यासाठी मरतात, याचे सिद्धांत तिथे तयार आहेत. ते सिद्धांत घाटकोपरच्या पुतळ्यापाशी आणून तपासणे, जिथे मोडतील तिथे मोडू देणे, हे डॉक्टरेटचे काम आहे. माझ्या विद्यार्थिनीला तेच करायचे होते. २०२२ च्या कलमात ते बसत नाही. ती आज एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते.

आता थोडे आपल्याविषयी. दलित चळवळीने शब्दावर जितका विश्वास टाकला तितका चित्रावर टाकला नाही. शब्द हे आपले पहिले शस्त्र होते, हे समजण्यासारखे आहे. पण परिणाम असा की कवितासंग्रहावर आपण दहा पाने लिहितो आणि सवी सावरकरांसारखा, देवदासी आणि अस्पृश्य यांच्या देहांना कागदावर जागा देणारा चित्रकार आपल्या बहुतेक वाचकांना माहीतही नसतो. आपल्या नियतकालिकांत मुखपृष्ठावर चित्र असते आणि आत त्याविषयी एक ओळ नसते. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप आपण लाखोंनी पाहतो; त्याचे वास्तुरचनाकार शिवदानमल होते, सांचीच्या घाटाचा तो स्तूप आतून पोकळ का केला, हजारो माणसे एका छपराखाली बसवण्यासाठी स्तूपाच्या मूळ कल्पनेत काय बदलावे लागले, यावर आपण किती बोललो?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी हे काम आपल्याआधी केले. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव त्यांच्याकडून घेतले. त्यांचा कलेतिहास मात्र घेतला नाही. जेम्स पोर्टर यांनी १९४३ सालीच निग्रो कलेचा इतिहास लिहिला. सॅमेला लुईस यांनी १९५१ साली ओहायो राज्य विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. नंतर त्या विभागाच्या मान्यतेची वाट पाहत बसल्या नाहीत. १९७६ साली त्यांनी कृष्णवर्णीय कलेचे त्रैमासिक काढले, संग्रहालय उभे केले. त्याच वर्षी डेव्हिड ड्रिस्केल यांनी लॉस एंजेलिसला दोन शतकांच्या कृष्णवर्णीय कलेचे मोठे प्रदर्शन मांडले. पदवी त्यांनी घेतली, आणि पदवीच्या बाहेर आपले घरही बांधले.

आपला विद्यार्थी पदवी घेऊन परतला तर त्याला कुठे घेणार, हाही प्रश्न आहेच. ज्या विद्यापीठात विभाग नाही तिथे जागा निघत नाही. जागा नाही म्हणून विभाग नाही. इतिहासाच्या विभागात तो चित्रकलेचा, चित्रकलेच्या विभागात तो इतिहासाचा. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत दरवर्षी ७५ जागा आहेत, सर्व विषय मिळून. त्यांत कलेतिहासाचा अर्ज करायला आपण आपल्या मुलांना सांगत नाही, कारण पुढे काय याचे उत्तर आपल्याजवळ नाही. संघटनांनी २०२२ च्या कलमाविरुद्ध निवेदने दिली, ती चालू ठेवली पाहिजेत. पण निवेदनात नुसते कलम रद्द करा एवढेच असते. राज्यात एक तरी विभाग काढा, आणि तो औरंगाबादेत काढा, अजिंठा-वेरूळच्या वाटेवर, असे अजून कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

तोपर्यंत करण्यासारखे एक काम प्रबंधाची वाट पाहत नाही. कार्ल्याच्या दारावर सामी सुताराचे नाव आहे. आपल्या गावोगावच्या पुतळ्यांच्या चौथऱ्यावर कोणाचे नाव असते? अनावरण करणाऱ्या आमदाराचे, संगमरवरात. तो सिमेंटचा पुतळा ज्याने ओतला, कोटाला निळा रंग दिला, चष्म्याची काडी वाकवून बसवली, त्याचे नाव बहुतेक ठिकाणी नाही. यातले काही कारागीर अजून हयात आहेत. त्यांचे साचे त्यांच्या अंगणात पडलेले आहेत, काहींच्या मुलांनी ते मोडून पायरीखाली घातले आहेत. महाविद्यालयातल्या शिक्षकांनी आपल्या मुलांना वही आणि टेप देऊन तिकडे पाठवावे, या दिवाळीच्या सुट्टीतच.